राउटरमधली संहिता

रोलाँ बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' हा १९६७ सालचा निबंध आपल्या वर्गांतून इतक्यांदा शिकवला गेला आहे, की वाचकाला स्वातंत्र्य हवे तर लेखकाचा हक्क संपला पाहिजे, हे समीकरण आपल्या अंगवळणी पडले आहे. ते आम्हांला मान्य नाही. आमचा दाखला मात्र साहित्याबाहेरचा आहे: घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेला राउटर.

राउटर चालतो तो फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या स्मृतीत लिहून ठेवलेल्या आज्ञावलीवर. हीसुद्धा कोणीतरी लिहिलेली संहिताच. पण सहसा ती ग्राहकाच्या हाती येते ती फक्त यंत्राला उमजेल अशा रूपात. पुढे कंपनी त्या मॉडेलची डागडुजी थांबवते, सुरक्षेतली भगदाडे उघडी राहतात आणि धडधाकट यंत्र भंगारात निघते. आतली संहिता बदलता आली, तर हे टळू शकते.

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या डिसेंबरात आला. पुढच्या वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली. २००३ मध्येच काही चौकस प्रोग्रामरांच्या ध्यानात आले, की आतली आज्ञावली लिनक्सवर बेतलेली आहे. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याची अट अशी, की हा मजकूर कोणीही वापरावा, बदलावा, विकावा. मात्र तो पुढे देताना माणसाला वाचता येईल असा मूळ स्रोतही त्याच अटींवर द्यावा. ही अट पाळली गेली नव्हती. बोभाटा झाला आणि कंपनीला स्रोत खुला करावा लागला. त्याच स्रोतावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला, आणि आज तो असंख्य मॉडेलांवर चालतो.

आता प्रश्न असा, की कंपनीला कोणत्या जोरावर नमवता आले? प्रताधिकाराच्याच. लिनक्सच्या लेखकांनी आपला हक्क सोडून दिला असता, तर तो मजकूर पेटीत घालून कुलूप लावायला कंपनी कायद्याने मोकळी होती. वाचकाचे स्वातंत्र्य येथे लेखकाच्या जिवंत हक्कावर उभे आहे. पुढे २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला तोही प्रताधिकारभंगाचाच. २००९ मध्ये तडजोड झाली.

कंपन्याही वस्ताद. २००५ मधल्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली बसवली गेली, स्मृती निम्म्यावर आणली गेली. आणि हौशी मंडळींसाठी लिनक्सवाला जुना राउटर 'जीएल' या नावाने वेगळा विकला गेला. स्वातंत्र्यसुद्धा मॉडेल क्रमांक लावून विकता येते!

कोणी म्हणेल, हे उपद्व्याप करतो कोण? चुकीची प्रत चढवली तर राउटर निकामी होऊ शकतो, आणि वायरलेस चिपांचे काही भाग आजही बंदिस्तच आहेत. खरे आहे. पण पाठभेदांच्या तळटीपा तरी कितीजण वाचतात? तरीही त्या नसलेल्या चिकित्सक आवृत्तीला आपण अपुरीच म्हणतो.

जीपीएलची १९९१ सालची दुसरी आवृत्ती मोजक्या पानांची आहे. पदव्युत्तर वर्गात बार्थच्या निबंधाशेजारी तिची प्रस्तावना लावावी, असा आमचा आग्रह आहे.