बॅलटच्या तळाशी

नॉर्थ कॅरोलायनातला मतदानाचा कागद लांबलचक असतो. प्रेसिडेंटच्या वर्षी तर विचारूच नका. प्रेसिडेंट, गव्हर्नर, राज्याचे डझनभर अधिकारी, मग न्यायाधीशांची न संपणारी यादी, काउंटीचे कमिशनर, आणि हे सगळं संपत आलं की कुठेतरी खाली एक ओळ: सॉइल अँड वॉटर कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्ट सुपरवायझर. म्हणजे जिल्ह्याच्या मृद व जलसंधारण मंडळाचा सदस्य. नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. तिथवर पोचेस्तोवर माणूस कंटाळलेला असतो. कोणी ती ओळ कोरी सोडतो, कोणी नाव बरं वाटलं म्हणून गोल काळा करतो. आमच्या ऑफिसातल्या देशी मंडळींत लंचच्या टेबलावर तिला नावच पडलंय, "मातीची निवडणूक".

आता माझं म्हणणं. विशी-बाविशीतल्या ज्या मुलामुलींना सार्वजनिक कामात पडायचं आहे, त्यांनी या मातीच्या निवडणुकीलाच उभं राहावं. आणि आपण त्यांना "शिडी शोधतायत" म्हणून हिणवणं बंद करावं. मी राहतो केरीत, म्हणजे वेक काउंटीत, रॅलेच्या शेजारी, त्यामुळे उदाहरणं इथलीच देतो.

आधी हे मंडळ आलं कुठून ते बघू, कारण त्याशिवाय गंमत कळत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात दुष्काळ आणि बेबंद नांगरणी यामुळे माती अक्षरशः उडून गेली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला आजही 'ब्लॅक संडे' म्हणतात. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा झाला आणि त्यासाठी केंद्रात खातं उभं राहिलं. त्याचा प्रमुख ह्यू हॅमंड बेनेट हा मूळचा नॉर्थ कॅरोलायनाचा, अॅन्सन काउंटीतल्या शेतकऱ्याच्या घरातला. अडचण अशी की वॉशिंग्टनहून आलेल्या साहेबाचं ऐकून शेतकरी आपली नांगरणी बदलेल, ही अपेक्षा जगात कुठेच चालत नाही. म्हणून १९३७ मध्ये रूझवेल्टने सगळ्या गव्हर्नरांना एका कायद्याचा नमुना पाठवला. कल्पना अशी, की प्रत्येक भागात स्थानिक लोकांचंच एक मंडळ असावं. पैसा आणि तांत्रिक मदत वरून येईल, पण कुठे काय करायचं ते तिथले लोक ठरवतील. ४ ऑगस्ट १९३७ ला पहिलं मंडळ झालं ते ब्राउन क्रीकचं, बेनेटच्याच अॅन्सन काउंटीत, आमच्यापासून दोनेक तासांवर. आज देशभरात अशी सुमारे ३,००० मंडळं आहेत.

आपल्या राज्यात मंडळावर पाच जण असतात. तीन निवडून आलेले, दोन राज्याच्या कमिशनने नेमलेले. मुदत चार वर्षं. पगार नाही. कर लावायचा अधिकार नाही, शेतकऱ्याला दंड करायचा तर नाहीच. मग करतात काय? तर राज्याची एक योजना आहे, १९८० च्या दशकापासूनची. शेतातून माती, खत, जनावरांचं शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्याने काही काम केलं, तर खर्चाचा साधारण ७५ टक्के वाटा सरकार उचलतं. उताराच्या कडेने गवताचा पट्टा ठेवणं, पाणी वाहतं त्या खोलगट भागात गवत लावणं, गाई ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालून त्यांना प्यायला वेगळी टाकी देणं, अशी कामं. अर्ज येतात जास्त, पैसे असतात कमी. कोणाचा अर्ज आधी घ्यायचा, कोणतं काम आपल्या जिल्ह्यात जास्त महत्त्वाचं, हे ठरवतं मंडळ. २००६ पासून शहरी भागासाठीही अशीच योजना आहे, म्हणजे आपल्यासारख्यांच्या घराचं, शाळेचं, चर्चचं छपरावरून येणारं पाणी मुरवायला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेंटेनन्स प्रोजेक्ट आहे. डेमो नाही, लाँच नाही, केक नाही. काम नीट झालं तर कोणाला काहीच दिसत नाही, आणि नाही झालं तर दहा वर्षांनी सगळे ओरडतात. १९९५ साली न्यूज नदीत मासे ढिगाने मेले आणि लोकांनी काठावर उभं राहून नाक दाबलं, तेव्हा राज्याला जाग आली. ते नत्र काही एका रात्रीत नदीत गेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात माझ्या एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याची मुलगी बावीस वर्षांची, जन्म इथलाच. सिव्हिल इंजिनिअरिंग करून पावसाच्या पाण्याचा निचरा डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत लागलीय. ती म्हणते, पुढच्या वेळी मी फॉर्म भरणार. घरात वातावरण तंग होतं.

"पगार किती याला?" बाबा.

"काही नाही. जाण्यायेण्याचा खर्च मिळतो."

"अगं, उभंच राहायचं तर स्कूल बोर्डाला तरी राहा," आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "निदान लोकांना सांगता येईल काय ते."

मित्र माझ्याकडे वळला, "तू तरी समजाव रे हिला." मी विचारलं फी किती भरावी लागते. ती म्हणाली, "पाच डॉलर, काका." (हो, पाच. टाइप करताना शून्य राहिलेलं नाही.) वयाची अट २१ पूर्ण, राज्याच्या घटनेतच आहे ती. म्हणजे मत द्यायचं अठराव्या वर्षी, पण निवडून यायला आणखी तीन वर्षं थांबायचं. मी काही समजावलं नाही. आमटी छान झाली होती.

पण त्या घरातला प्रश्न खोटा नव्हता. या पोरीचा मातीशी संबंध काय? शेत नाही, ट्रॅक्टर नाही, केरीतल्या टाउनहाउसच्या मागे तुळस आणि दोन मिरच्यांची झाडं. हा आक्षेप गंभीर आहे, आणि एका राज्याने तर त्यावर कायदाच केला. फ्लोरिडात २०२२ पासून अशा मंडळाला उभं राहायचं तर शेतीशी थेट नातं लागतं: शेती करणारे, शेतीत बरीच वर्षं काढून निवृत्त झालेले, शेतकऱ्याकडे नोकरी करणारे किंवा शेतजमिनीचे मालक. वरवर पाहता बरोबर वाटतं. ज्याचं जळतं त्याला कळतं!

मला ते पटत नाही, आणि कारण भूगोलाचं आहे. केरीच्या नळाला पाणी येतं जॉर्डन लेकमधून. त्या तलावाचं बहुतेक पाणलोट क्षेत्र आमच्या काउंटीत नाहीच, ते वरच्या अंगाला ग्रीन्सबरो, बर्लिंग्टन, डरमपर्यंत पसरलंय. म्हणजे आमच्या चहाच्या पाण्यात काय मिसळतं हे ठरवण्यात वरच्या मंडळांचा वाटा. आणि आमच्या काउंटीतलं बहुतेक पाणी जातं न्यूज नदीत, खाली गोल्ड्सबरो, किन्स्टन, न्यू बर्नकडे. क्रॅबट्री क्रीक आपल्या घरांच्या मागून निघतो, रॅलेतून वाहतो आणि न्यूजला मिळतो. आपण संध्याकाळी ज्याच्या काठाने चालायला जातो तो लेक क्रॅबट्री मुळात पूर अडवायला बांधलेला तलाव आहे, हे किती जणांना माहीत आहे? जोराचा पाऊस झाला की नव्या कॉलन्यांच्या साइटवरून जे लाल पाणी वाहतं (कोकणातल्यांना तो रंग ओळखीचा आहे), ते शेतातून येत नाही. परवा-परवापर्यंत तिथे तंबाखू होता, आता चार बेडरूमची घरं आहेत. वेक काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ११ लाखांच्या वर गेली. अशा ठिकाणी मातीवर फक्त शेतकऱ्यांनीच बोलायचं म्हटलं, तर बाकीच्यांनी केलेल्या घाणीचा हिशेब कोण देणार?

याचा अर्थ पाचही जागा लॅपटॉपवाल्यांना द्या असा नाही. तसं झालं तर शेतकरी अर्ज घेऊन यायचेच बंद होतील, आणि ही योजना सगळी स्वेच्छेवर चालते. समोरच्या टेबलावर आपल्यातलं कोणी दिसलं तर माणूस दार ठोठावतो. पण पाचातली एक जागा अशा कोणाची असावी, जिने उरलेलं आयुष्य हेच पाणी प्यायचं आहे.

आता शिडीचं. जेना वॉड्सवर्थ २०१० मध्ये वेकच्या मंडळावर निवडून आली, तेव्हा ती २१ वर्षांची होती, इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होती. म्हणजे कायद्याने शक्य तितकी लहान. (तिच्या घरची शेती होती, हे फ्लोरिडावाल्यांसाठी सांगून ठेवतो.) २०२० मध्ये ती राज्याच्या कृषी आयुक्तपदासाठी उभी राहिली आणि पडली. झालं, लोक म्हणतात, बघा, शिडी! अहो, पण मधली दहा वर्षं ती त्या मंडळावर होती की. दहा वर्षं एका कंपनीत टिकलेला इंजिनिअर मला दाखवा, मग शिडीवर बोलू. आणि शिडी असली तरी काय बिघडलं? आयुष्यात पहिल्यांदा सार्वजनिक पैसा वाटायची वेळ एखाद्यावर येणार असेल, तर ती गवताच्या पट्ट्यासाठी यावी. एकदम कोट्यवधींच्या बजेटवर हात साफ करायला बसवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

महाराष्ट्रात याला नेमका जोड नाही. तिथे मृद व जलसंधारण खातं आहे, पण माती-पाण्यासाठी वेगळं मंडळ आपण निवडून देत नाही. जे काही होतं ते ग्रामपंचायतीत. (तिथेही वयाची अट २१ च.) हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा तेही तिशीच्या आतले होते, एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे. पुढे त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असे नियम स्वतःवर घालून घेतले आणि पाळले. फरक इतकाच की तिथे सरपंचाला सगळं गाव नावाने ओळखतं. इथे ११ लाखांत शेजारचा माणूस ओळखत नाही. त्यामुळे उमेदवार तरुण आहे, बोलायला चटपटीत आहे, एवढ्यावर मी मत देणार नाही. मंडळाच्या मासिक बैठका सगळ्यांना खुल्या असतात. फॉर्म भरण्याआधी किती बैठकांना गेलात, हे मी विचारणार. आणि तुमचा पगार कुठून येतो, हेही.

हा दुसरा प्रश्न मी मित्राच्या मुलीलाही विचारला. कारण तिच्या कंपनीची बरीचशी गिऱ्हाइकं बिल्डर आहेत. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "ते मी आधीच सांगून टाकेन, काका. आणि तसा विषय आला तर मतदानातून बाहेर राहीन." बरं आहे, पण हे प्रचाराच्या पत्रकावर छापावं लागेल, आणि पहिल्या पानावर. ती म्हणाली छापते. आईने विचारलं, पत्रकं पण छापायची आहेत का आता!

त्यानंतर ती दोन बैठकांना जाऊन आली. पहिल्या बैठकीत अर्धा तास एका शेतातल्या पाण्याच्या टाकीवर चर्चा झाली म्हणे, आणि तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. दुसरीनंतर पार्किंगमध्ये एक सत्तरीचे शेतकरी तिच्याशी बोलले. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाची जमीन विकली गेलीय, तिथे घरं येणार. तू असतीस तर काय केलं असतंस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बघितल्याशिवाय कसं सांगू? तर म्हणाले, मग ये, पण पाऊस पडल्यावर ये, कोरड्यात काही दिसत नाही.

गेल्या शनिवारी पाऊस झाला. ती गेली होती. तिच्या आईच्या म्हणण्यानुसार नव्या बुटांचं वाटोळं झालंय.