कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक… एवढीच का आई?

मागच्या वर्षी माझी आई गेली. दुसऱ्या दिवशी भाऊ पेपरात द्यायचा मजकूर घेऊन आला. ‘अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे.’ मी वाचलं आणि “बरोबर आहे” म्हटलं. त्या घटकेला दुसरं काही सुचलंही नाही. दशक्रियेला माइकवरून सहा जण बोलले, सगळे पुरुष. त्यातल्या एका पुढाऱ्यांनी आईचं नावच चुकवलं. मागून कुणीतरी चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केलं.

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी रोज ते निधनवार्तांचं पान वाचते. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या बाया कष्टाळू, मनमिळाऊ आणि धार्मिकच असतात! पुरुष गेला तर तो सोसायटीचा चेअरमन असतो, प्रगतिशील शेतकरी असतो, निवृत्त मुख्याध्यापक असतो. बाई मात्र कुणाची तरी आई, नाहीतर कुणाची आजी असते.

माझी आई काय होती? चांदवडजवळच्या एका खेड्यात पन्नास वर्षं तिनं कांदा पिकवला. डोंगळे लावून घरचं बी धरायची. कोणत्या वाफ्यात उळं टाकायचं, रोप कधी उपटायचं, चाळीतला कुठला कांदा आधी विकायचा आणि कुठला पुढे टिकेल, हे ती नुसतं हाताने दाबून सांगायची. नाना ट्रॅक्टर घेऊन मार्केटला जायचे. पट्टी नानांच्या नावाची, म्हणून शेतकरी नाना. ७२ च्या दुष्काळात थोरला भाऊ पोटात असताना तिनं रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती. सुकडीची चव ती शेवटपर्यंत विसरली नाही. नातवंडं ताटात काही टाकायची तेव्हा ती सुकडीची गोष्ट निघायची, आणि पोरं “आजी, परत तीच?” म्हणायची.

आणि आईनं एकदा चांदवड गाजवलं होतं, हे तर आमच्या सुनांनाही माहीत नव्हतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला झालं. शरद जोशींच्या हाकेला लाखाच्या वर बायका आल्या होत्या असं सांगतात. मी तेव्हा सात वर्षांची. मला आजीजवळ ठेवून आई गावातल्या बायांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. फडक्यात भाकरी बांधलेल्या, पदराला लाल बिल्ला. घरी आली तेव्हा तिचा घसा बसला होता. नानांनी विचारलं, “काय सांगितलं तिथं?” ती म्हणाली, “बाई शेतात राबते तरी तिला शेतकरी म्हणत नाहीत, हे सांगितलं. ते काय मला माहीत नव्हतं? पण कुणीतरी माइकवर बोललं.”

पुढे तीन-चार वर्षांनी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. बऱ्याच गावांत झालं ते. आमच्या घरी नाना “बघू” म्हणाले, आणि त्यांचं ते बघणं २००६ पर्यंत चाललं. त्या वर्षी नाना गेले आणि वारस म्हणून आईचं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर लागलं. नवरा असताना न मिळालेला मान तिला वैधव्यानं दिला.

त्याच वेळचं एक सांगते, मला कमीपणा येत असला तरी. हक्कसोड पत्रावर सही करायला मला तहसीलला बोलावलं होतं. मी बी. ए. झालेली, बचत गटाच्या बायकांना “कागद वाचल्याशिवाय अंगठा लावू नका” असं सांगत फिरणारी. भावांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली. वाचलं नाही. माहेर तुटेल ही भीती, दुसरं काय! मुलींना मुलांबरोबरीनं वाटा देणारी केंद्राच्या कायद्यातली दुरुस्ती आदल्याच वर्षी, २००५ मध्ये झाली होती. आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच तशी तरतूद होती. मला दोन्ही माहीत होतं. शेजारी बसलेली, जेमतेम सही करता येणारी आई एवढंच म्हणाली, “शिकलीस ना? मग वाचून तरी सही कर.” मी ऐकलं नाही.

तिलाही नाव कमी करायला सांगितलं होतं. ती भावांना म्हणाली, “माझं राहू द्या. मी मेल्यावर काढा काय काढायचं ते.” चिडून नाही, भाकरी थापता थापता म्हणावं तसं.

मध्यंतरी गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना पणजीचं नाव विचारलं. बावीस जणींपैकी चौघींना सांगता आलं. पणजोबांचं मात्र बहुतेकींना ठाऊक होतं. आपल्या चांदवडच्या रंगमहालाकडे बोट दाखवून आपण अहिल्याबाईंचं नाव अभिमानानं घेतो. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा केवढे कार्यक्रम झाले! चांगलंच आहे. पण घरातल्या बाईचं नाव तीन पिढ्याही टिकत नाही त्याचं काय? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा नियम सरकारनं केला. माझ्या पुतणीचं बाळ त्यानंतरचं. त्याच्या दाखल्यावर तिचं नाव बघून मला खरंच भरून आलं. आजी असती तर हात फिरवून बघितलं असतं तिनं, वाचता आलं नसतं तरी.

माझं म्हणणं एवढंच आहे की आई-आजी असताना त्यांना विचारून घ्या. काय पेरलं, कुठं खडी फोडली, कुणाशी भांडल्या, कुठल्या मोर्चाला गेल्या. आणि गेल्यावर पेपरात ते द्या. दोन ओळींचे पैसे जास्त पडतील, पडू द्या. दशक्रियेला मुलीनं, सुनेनं माइक हातात घ्यावा. लोक पहिल्यांदा बघतील, मग सवय होईल. मी घेतला नाही, याची रुखरुख मला आहेच.

आता आईच्या वारसांची नोंद व्हायची आहे. सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस पडेल आणि तिच्या हिश्शावर आम्हा तिघांचाही सारखाच हक्क येतो. परवा धाकट्या भावाचा फोन आला. चांगला आहे तो, आईचं शेवटचं सगळं त्यानं आणि वहिनीनं केलं, हेही लिहिलं पाहिजे. म्हणाला, “ताई, पुढच्या सोमवारी येशील का? तुझी एक सही लागेल.”

मी म्हटलं, “कागद आधी घरी पाठव. वाचून बघते.”

पलीकडे जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, “बरं.”