घरातले पिस्तूल : ठेवायचे की विकायचे?



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, पीकविमा हे नेहमीचे विषय या वेळी जरा बाजूला ठेवतो. नळदुर्ग, अणदूर, जळकोट या पट्ट्यातली बैठक संपली की एखादा भाऊ बाजूला घेतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "वडिलांच्या नावावर रिव्हॉल्व्हर होते. वडील गेले. आता माझ्या नावावर करून घेऊ का विकून टाकू?" मी शेतकी कॉलेजात खते आणि किडी शिकलो, हत्यारे नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांत कोरडवाहू पाच-दहा एकरवाला कास्तकारही असतो, आणि कायदा न वाचल्यामुळे तो नको तिथे अडकू शकतो. म्हणून लिहितो आहे.

आधी तातडीचे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नावाचा नाही. वडील गेले की ते हत्यार तुमच्या कपाटात ठेवण्याचा अधिकारही संपला. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वर्षश्राद्ध होते, पोरे कामाला लागतात आणि कपाटातली वस्तू तशीच राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे आहे. "आमच्या वडिलांचेच होते" हे सांगून सुटका होत नाही. तेव्हा ठेवायचे की विकायचे हा विचार सावकाश करा, पण हत्यार जमा करून, पावती खिशात ठेवून करा.

आता मुख्य प्रश्न. आपल्या भागात हत्याराचे एक कौतुक आहे आणि त्याला इतिहास आहे. मोगलाईत रझाकारांच्या भीतीने गावोगाव लोकांनी मिळेल ते हत्यार जवळ केले होते. सोलापूरच्या हद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून शिरली ती आपल्याच बोरी नदीवरचा पूल घेऊन. त्या दिवसांत ज्याच्या घरी बंदूक होती त्याच्या वाड्यात आसपासच्या बायामुलांनी आसरा घेतला, अशा आठवणी जुनी माणसे सांगत. मात्र फौज पुढे गेल्यावर याच उस्मानाबाद जिल्ह्यात निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव घातले आहे. म्हणजे आसरा देणारे हत्यार आणि सूड घेणारे हत्यार एकाच मुलखातले होते. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरवर हात ठेवून पराक्रमाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

तो काळ गेला. आज हे हत्यार तुमच्या कोणत्या कामाचे?

पहिले उत्तर येते : रानडुकरे. हुरड्यात आलेली ज्वारी डुकरे एका रात्रीत लोळवतात. टोबलेली सरकी दोन पानांवर आली की हरणांचा कळप शेंडे खुडून जातो. हे दुःख खरे आहे आणि त्याची भरपाई मिळवताना होणारे हालही खरे आहेत. पण पिस्तुलाने डुक्कर हाकलता येत नाही. अंधारात, हलत्या जनावरावर, वीस पावलांवरून पिस्तुलाची गोळी लागली तर तो योगायोग समजा. चुकली तर ती शेजारच्या वस्तीवर जागल करणाऱ्याला शोधते. कायद्याने पीकसंरक्षणासाठी जे हत्यार सांगितले आहे ते ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी पडते असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. रिव्हॉल्व्हर त्यात कुठेच बसत नाही. शिवाय बंदूक असली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी रोखणेसुद्धा महागात पडेल. पिकाच्या राखणीची लढाई आपण वनखात्याशी आणि सरकारशी लढली पाहिजे, आणि ती लढू. तिच्यासाठी कपाटातले पिस्तूल निरुपयोगी आहे. (वायरमनशी संधान बांधून तारेत घरची वीज सोडणाऱ्यांनाही इथेच सांगतो : त्या तारेला डुकराआधी माणूस चिकटतो.)

दुसरे उत्तर सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ते आहे वजन. लग्नात, बाजार समितीच्या आवारात, जत्रेत सदऱ्याखालून मूठ दिसली की लोक वाट देतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे वजन कुठवर गेले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यातले शस्त्रपरवाने बाराशेच्या वर असल्याचे पुढे आले, हवेत गोळीबार करणाऱ्यांची चित्रणे बाहेर आली आणि प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. इतके परवाने असून एका सरपंचाला त्याचा काय उपयोग झाला? हौसेने हवेत बार काढणे हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या कार्यकर्त्यांपैकी कुणी सभेला कमरेला लावून येत असेल तर त्याने व्यासपीठापासून लांब बसावे. शेतकऱ्याचे वजन रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या संख्येत असते.

तिसरे उत्तर, "असू द्या, घरात असलेले बरे." यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. आपल्या घरात काय काय घडते ते आठवा. बांध कोरला म्हणून चुलत भावाशी भांडण. पाइपलाइनवरून, सामायिक विहिरीच्या पाळीवरून भांडण. आजवर ते काठीवर आणि शिव्यांवर निभावले. डोके फुटले तर टाके पडले, दोन वर्षांनी पुन्हा पंगतीत मांडीला मांडी लावून बसले. हाताशी पिस्तूल असते तर एक जण मातीत आणि दुसरा जन्मठेपेत, आणि दोन्ही घरच्या बाया रोजंदारीवर. दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. पाऊस दगा देतो, बँकेची नोटीस येते, आणि रात्री दोन वाजता माणूस एकटा जागा असतो. अशी रात्र टळली की बहुतेक माणसे पुढे जगतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तिथे खून जास्त असतील असा आपला समज असतो. म्हणून ज्या घरात कर्ज थकले आहे आणि कर्ता माणूस गप्प गप्प झाला आहे, त्या घरातून हत्यार आजच हलवा. फवारणीचे औषधही कुलपात ठेवा आणि किल्ली घरच्या लक्ष्मीकडे द्या.

मग कुणीच ठेवू नये का? तसेही नाही. फौजेतून निवृत्त होऊन स्वतःच्या बाराबोरवर बँकेत पहारा करणारे आपल्या भागात आहेत. त्यांची बंदूक हे त्यांचे औत आहे. ज्याच्यावर खरोखर हल्ला झाला, फिर्याद नोंदलेली आहे, धोका कागदावर दाखवता येतो, त्याने जरूर ठेवावे, आणि चालवायचे शिक्षणही घ्यावे. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे एका माथेफिरूने ३५ माणसे मारली. सरकारने कायदा बदलला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्या कायद्यातही शेतीची गरज हे बंदूक ठेवण्याचे रास्त कारण मानले आहे, मात्र "स्वसंरक्षणासाठी" एवढे म्हणणे पुरत नाही. गरज दाखव आणि ठेव. हा निकष मला पटतो. वडिलांची आठवण म्हणून ठेवायचे असेल तर त्यांचा पटका ठेवा, पावती फाडावी लागत नाही.

ठेवायचेच ठरले तर २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. वडील हयात असतील आणि सत्तरी गाठली असेल, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्यांच्याकडे असेल, तरी ते वारस नेमू शकतात. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. निवडणूक आली की ठाण्यातून जमा करण्याचा निरोप येतो, हेही धरून चाला.

विकायचे ठरले तर घाई करू नका. १९८० च्या दशकात विलायती हत्यारांची आयात सामान्यांसाठी बंद झाली, त्यामुळे जुन्या चांगल्या विलायती रिव्हॉल्व्हरला अजून मोठी किंमत आहे. दुकानदार "जुने लोखंड आहे" म्हणेल. व्यापारी आपल्या कापसालाही तेच म्हणतो. दोन-तीन परवानाधारक दुकानांत भाव विचारा. परवाना तुमच्या नावावर असून तुम्ही थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकणार असाल, तर त्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवा, आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्या. त्याआधी हातात पैसे आले तरी हत्यार देऊ नका. वारसाने जमा केलेले हत्यारही विकता येते आणि पैसे वारसालाच मिळतात, पण ठरावीक मुदतीत व्यवहार झाला नाही तर ते सरकारजमा होते. म्हणून जमा करतानाच मुदत लिहून घ्या. विक्रीची नोंद परवान्यावर करून घ्या. उरलेली काडतुसे धान्याच्या कणगीत किंवा फडताळात पडून राहतात, तीही मोजून सोबत द्या आणि त्यांची वेगळी पावती घ्या.