कुत्रा चुकला, की वाट दाखवणारा?

आज विषय थोडा वेगळा आहे. कुत्र्यांची अडथळा शर्यत, म्हणजे 'अ‍ॅजिलिटी'. माझं मत आधीच सांगते: 'मूल लक्षच देत नाही' अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने ही शर्यत एकदा तरी व्हिडिओवर बघावी.

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान-प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढायला हा खेळ दाखवला गेला. कल्पना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून घेतलेली. उड्या, बोगदा, सीसॉची फळी, चढ-उतार आणि ओळीत रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळणं. अडथळ्यांचा क्रम परीक्षक ठरवतो आणि तो दरवेळी नवा असतो. त्यामुळे इथे पाठांतर कामाचं नाही. सोबत पळणाऱ्या माणसाला, म्हणजे हँडलरला, आधी काही मिनिटं कुत्र्याशिवाय मैदान फिरून बघता येतं. कुत्र्याला तेवढंही नाही.

एकदा शर्यत सुरू झाली की कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. आवाज, हातवारे आणि आपलं पळणं, एवढ्यावरच सगळं.

आता गंमत बघा. हँडलर तोंडाने 'बोगदा' म्हणतो, पण त्याचे खांदे आणि पाय उडीकडे वळलेले असतात. कुत्रा बहुतेक वेळा उडीकडेच जातो. लोक म्हणतात, कुत्रा चुकला. पण त्याने तर माणसाचं अंग बरोबर वाचलं! दुसरी नेहमीची चूक उशिराची. कुत्रा उडी मारून हवेत असताना वळण सांगून काय उपयोग? ते उडीच्या आधी कळायला हवं.

आपल्याकडे वेगळं काय होतं? मुलं गणित अर्धं सोडवून झाल्यावर आपण ओरडतो, "अरे, अपूर्णांकात नको, दशांशात लिहा!" घरी आई-बाबा 'पुस्तक वाच' म्हणतात, पण डोळे मोबाइलमध्ये. मूल शब्द ऐकत नाही, ते आपले पाय बघतं. म्हणून वर्गात जाण्याआधी आपणही मैदान फिरून यावं. आज मुलं कुठे अडतील, सूचना कधी द्यायची, मी कुठे उभी राहणार? पाठ टाचणाचा खरा अर्थ मला तरी हाच वाटतो.

एक सोपा खेळ सुचवते. आमच्या नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू छान घट्ट होते. तिथे किंवा शाळेच्या मैदानात ६ काठ्या रोवा, २ टायर ठेवा. कुत्रा नको, मुलांच्याच जोड्या करा. एकाने न बोलता, न शिवता, फक्त हालचालींनी वाट दाखवायची, दुसऱ्याने पळायचं. मग भूमिका बदला. शेवटी विचारा, "चूक कोणाची झाली?" चर्चा रंगेल. आणि किनाऱ्यावरच्या अनोळखी कुत्र्यांवर हा प्रयोग करायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

कोणी म्हणेल, मूल म्हणजे काय कुत्रा आहे, आपण दाखवू तिकडे पळायला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तरही कुत्र्यांकडेच आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स आपल्याच रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलं होतं. त्या काळात मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्रॅडॉरने वासावरून स्फोटकांचे मोठे साठे शोधून दिले. तिथे वाट कोण दाखवत होतं? कुत्रा! माणसाला वास येत नव्हता. त्याने फक्त कुत्र्याचं अंग वाचायचं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि मागे चालायचं.

शिकवण्यातही हे दोन्ही लागतं. सुरुवातीला आपण पुढे पळून स्पष्ट आणि वेळेवर दाखवायचं. पुढे मुलाला आपल्याला न दिसणारी वाट सापडते. तेव्हा दोरी सैल सोडून मागून चालायचं. आपण पहिलं अर्धवट करतो आणि दुसरं करतच नाही. दहावीनंतर मुलगी म्हणते, 'मला हे शिकायचंय', आणि घरात सगळे तिची दोरी ओढायला लागतात.

पुढच्या वेळी 'ऐकतच नाही' हे शब्द तोंडाशी आले, तर आधी आपले पाय कुठे वळलेत ते बघूया. तुमचं काय मत आहे?