पुढचा प्रश्न

परवा एका ज्येष्ठ कादंबरीकार बाईंची प्रकट मुलाखत ऐकली. बाई रंगात आल्या होत्या. नदीकाठच्या प्रकरणासाठी परटिणींशी किती दिवस बोलत बसले, त्यातल्या एकीच्या तोंडचं वाक्य ऐकून लिहिलेलं प्रकरण कसं फाडून टाकलं, हे सांगत होत्या. ते वाक्य आता येणार, एवढ्यात मुलाखतकारांनी हातातल्या कागदाकडे पाहून पुढचा प्रश्न टाकला, "आपल्या लेखनामागची प्रेरणा कोणती?" बाई थबकल्या. मग घरचे संस्कार, वाचनाची गोडी वगैरे सांगून मोकळ्या झाल्या. वाक्य राहिलंच.

प्रेरणेच्या या प्रश्नाचा मला मनस्वी राग आहे. प्रेरणा, प्रयोजन, बांधिलकी यांवरची उत्तरं लेखकांना पाठ असतात. प्रकरण का फाडलं, याचं उत्तर पाठ नसतं. ते देताना माणूस आपल्या कामात परत शिरतो.

असा कामात शिरणारा मुलाखतकार पाहायचा तर १९६२च्या ऑगस्टमध्ये तिशीतला दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो ज्येष्ठ दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची मुलाखत घ्यायला बसला, ते पाहा. एक फ्रेंच बोलणारा, दुसरा इंग्रजी, मध्ये दुभाषी हेलन स्कॉट. त्रुफो एकेक चित्रपट घेऊन खोदत गेला. म्हणून तर 'सस्पिशन'मध्ये कॅरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो तेव्हा प्रेक्षकांची नजर ग्लासावरच खिळावी यासाठी दुधात दिवा ठेवला होता, हे हिचकॉककडून कळलं. या मुलाखतीच्या १९६६च्या पुस्तकात त्रुफोचे प्रश्नही छापले आहेत.

आपल्याकडे ते गाळतात. दिवाळी अंकात मुलाखतीचं 'शब्दांकन' होतं: प्रश्न गायब, आणि कलावंत विचारल्याशिवाय पानभर स्वतःबद्दल बोलत सुटलेला. कुठे अडला, कुठे "छे, तसं नव्हे" म्हणाला, कशावर चिडला, काही कळत नाही. भाषाही इस्त्री करून येते. कोल्हापूरचा चित्रकार आणि वेंगुर्ल्याचा नाटककार शब्दांकनात एकाच तोंडाने बोलतात. ज्याने जन्मभर बोलीत लिहिलं, त्याच्या तोंडून बोलीच काढून घ्यायची, हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि मजकूर छापून झाला की मूळ ध्वनिमुद्रण पुसलं जातं. पुढे तो माणूस जातो, आणि त्याचा आवाज कुणाकडेच नसतो.

संपादकहो, यंदाच्या अंकासाठी मुलाखती घ्याल तेव्हा प्रश्न छापा. बोली राहू द्या. ध्वनिमुद्रणाची एक प्रत कलावंताच्या घरी द्या. पानं कमी पडली, तर सुरुवातीचा पुरस्कारांच्या यादीचा परिच्छेद खुशाल कापा.