पदक मिळाले, नोंद कोण करणार?

दरवर्षी प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला शौर्यपदकांची यादी जाहीर होते. यादीत बेळगाव, निपाणी, चंदगड किंवा गोव्यातील एखाद्या जवानाचे नाव असले की गावात फलक लागतात, सत्कार होतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. त्यानंतर त्या पदकाचा जो प्रवास कार्यालयांतून सुरू होतो, त्याची बातमी कधी होत नाही. वास्तविक जवानाचे आणि त्याच्या पश्चात कुटुंबाचे हित त्या दुसऱ्या प्रवासावरच अवलंबून असते. पदक छातीवर असते, हक्क मात्र कागदावर असतो. कागदात पदक नसेल, तर शासनाच्या लेखी ते मिळालेलेच नसते.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने सीमाभागाला आणि गोव्याला हा विषय अधिक जवळचा आहे. याच शहरात रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिसही आहे. पलटणीतील जवान आणि कनिष्ठ अधिकारी यांच्या भरतीपासून निवृत्तीपर्यंतच्या नोंदी येथे राहतात. बदली, विवाह, अपत्यजन्म, जखम, पदक अशी प्रत्येक घटना युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून कळवते आणि त्या आधारे मूळ सेवानोंदीत भर पडते. निवृत्तीच्या वेळी हाती मिळणारे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश हे दोन्ही त्याच नोंदीतून तयार होतात. साखळीतील एक ऑर्डर निघाली नाही, वाटेत गहाळ झाली किंवा चुकीच्या क्रमांकावर चढली, तर चूक पुढच्या प्रत्येक कागदात उतरते.

अशी चूक शौर्यपदकांपेक्षा मोहिमांच्या पदकांबाबत होण्याचा संभव अधिक. परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंतच्या शौर्यपदकांची अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते, त्यामुळे निदान एक पुरावा सरकारदरबारी कायम राहतो. १९६५ चे समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, कारगिलचे ऑपरेशन विजय पदक यांची गोष्ट वेगळी आहे. ती ठरावीक क्षेत्रातील सेवेबद्दल मिळतात आणि पात्रता युनिटच्या कागदांवरून ठरते. युद्धाच्या धामधुमीत एका तुकडीतून दुसरीत पाठवलेल्या, जखमी होऊन रुग्णालयात गेलेल्या जवानाचे नाव अशा यादीतून सहज सुटू शकते.

मराठा पलटणींच्या इतिहासात नोंद टिकल्याची आणि बुडाल्याची, दोन्ही उदाहरणे आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी सहकारी पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर चाल केली आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर अज्ञात आहे, तरीही राजपत्रातील नोंद आणि कॅसिनो येथील स्मारकावरचे नाव यांमुळे त्यांचा पराक्रम आज कोणी नाकारू शकत नाही. याउलट पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी नावे आली ती अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांची पलटणनिहाय केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. कबुली यायला शंभर वर्षे लागली. तोपर्यंत पुरावा देऊ शकणारे कोणी उरले नव्हते.

घाडगे यांची पलटण गोमंतकीयांना वेगळ्या नावाने ठाऊक असेल. मराठा रेजिमेंटची ही तिसरी बटालियन पुढे २ पॅरा (मराठा) झाली आणि डिसेंबर १९६१ मध्ये ५० पॅरा ब्रिगेडबरोबर बेळगावकडून गोव्यात उतरली. पलटण एका रेजिमेंटमधून दुसरीत गेली की जवानांचे कागदही एका कार्यालयातून दुसरीकडे जातात. नोंद सुटण्याच्या जागा नेमक्या अशाच असतात.

सीमाभागात या अडचणीत आणखी भर पडते. १९५६ पूर्वी भरती झालेल्या जवानाच्या कागदावर ‘मुंबई राज्य’ आहे, पुढच्या पिढीच्या कागदावर ‘म्हैसूर’ आणि त्यानंतर ‘कर्नाटक’. निपाणीचा पत्ता दीर्घकाळ चिकोडी तालुक्यातला होता. आता निपाणी हाच तालुका आहे. जिल्ह्याचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झाले. नावांचीही तीच गत. जाधव हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. इटलीत सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधव यांचे आडनावही इंग्रजी याद्यांत वेगवेगळ्या स्पेलिंगने आढळते. आधार, बँक खाते आणि सेवानोंद यांतील एका अक्षराचा फरक संगणक मान्य करत नाही. पेन्शन ‘स्पर्श’ प्रणालीवर गेल्यापासून हा फरक अधिक जाचक ठरू लागला आहे. बहुतेक राज्ये शौर्यपदक विजेत्यांना रोख पुरस्कार देतात, पण तो त्या राज्याच्या रहिवाशाला मिळतो. सीमेवरच्या जवानासाठी सेवानोंदीतील पत्त्याची एक ओळ म्हणूनच निर्णायक ठरते.

यात पैशाचा प्रश्न नाही, असे म्हणणे सोपे आहे, प्रश्न आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून वीर चक्रासाठी दरमहा ७ हजार, शौर्य चक्रासाठी ६ हजार आणि शौर्याबद्दलच्या सेना पदकासाठी २ हजार रुपये भत्ता आहे. पदक विजेत्याच्या पश्चात तो पत्नीला मिळतो. समजा, वीर चक्राची नोंद पेन्शनच्या आदेशात उतरलीच नाही आणि ही बाब दहा वर्षांनी लक्षात आली. या दराने थकबाकी ८ लाख ४० हजार रुपये होते. परंतु तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वानुसार, उशिरा आलेल्या दाव्यात थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. तो निकष लावला तर हाती येतील २ लाख ५२ हजार. चूक कार्यालयाची, तोटा जवानाचा, असा हा हिशेब आहे.

दाद कोठे मागायची? सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. गोवा आणि महाराष्ट्रासाठी मुंबईत खंडपीठ आहे. कर्नाटकात कायम खंडपीठ नाही. कागलचा माजी सैनिक मुंबईला जातो, अर्ध्या तासाच्या अंतरावरील निपाणीच्या त्याच्या सहकाऱ्याला मात्र परराज्याची वाट धरावी लागते. दोघांचे मूळ कागद बेळगावातच असतात!

न्यायाधिकरण काय करू शकते, हे कारगिल युद्धात बटालिक क्षेत्रात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात दिसले. त्यांना युद्धकालीन शौर्यपदकाऐवजी विशिष्ट सेवा पदक मिळाले होते. त्यांच्या कामगिरीचा अहवाल पूर्वग्रहाने लिहिला गेल्याचे २०१० मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केले आणि युद्धाच्या अधिकृत वृत्तांतात दुरुस्ती करण्याचा आदेश दिला. या लढ्यात अकरा वर्षे गेली. ब्रिगेडियर हुद्द्याच्या अधिकाऱ्याला एवढा काळ लागतो, तर निवृत्त हवालदाराच्या किंवा वीरपत्नीच्या वाट्याला काय येईल, याची कल्पना केलेली बरी.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. न मिळालेले पदक मिरवणारे असतात, म्हणून रेकॉर्ड ऑफिसने पुरावा मागणे योग्यच. पदक कोणाला द्यावे, हे ठरवणेही सैन्याचेच काम. पण पदक मागणे आणि मिळालेल्या पदकाची नोंद मागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात सिद्धतेचा भार जवानावर असावा. दुसऱ्यात तो कार्यालयावर असायला हवा, कारण राजपत्र, युनिटच्या याद्या आणि वॉर डायरी ही सारी साधने सरकारच्याच ताब्यात आहेत. आज मात्र दोन्ही भार जवानच वाहतो. अमेरिकेत लष्करी नोंदी दुरुस्त करणारी स्वतंत्र मंडळे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच स्थापन झाली. तेथील संसदेच्या आदेशावरून जुन्या नोंदी सरकारने स्वतः तपासल्या आणि २०१४ मध्ये २४ सैनिकांची पदके सर्वोच्च सन्मानापर्यंत वाढवली. त्यांतील बहुतेक तोपर्यंत हयात नव्हते.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. राजपत्रातील यादी सेवानोंदींशी आणि पेन्शनच्या आदेशांशी ताडून पाहणे हे संगणकाच्या युगात काही महिन्यांचे काम आहे. बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्यातील सैनिक कल्याण कार्यालयांनी रेकॉर्ड ऑफिसच्या साहाय्याने संयुक्त शिबिरे घेतली, तर नाव आणि पत्त्यातील बहुतांश विसंगती जागेवरच मिटतील. न्यायाधिकरण शिमला आणि नैनीतालला फिरती सुनावणी घेते. ती बेळगावातही व्हायला हरकत नसावी. १९७१ चे युद्ध लढलेले जवान आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या पराक्रमाला साक्ष देऊ शकणारे सहकारीही त्याच वयाचे आहेत. बसरा स्मारकावरील शिपायांच्या वेळी साक्षीदार उरले नव्हते. या पिढीचे आहेत, तोवरच त्यांचे कागद सरकारने स्वतः होऊन उघडले पाहिजेत.