अक्षर वाचले, अर्थ कुठे राहिला?

सीमाभागातील मराठी शाळांच्या पटसंख्येवर आम्ही सभांतून पुष्कळ बोलतो, निवेदनेही देतो. पण पटावरच्या मुलाला वाचलेले कळते काय, हा प्रश्न बैठकीत क्वचितच निघतो. दुसरीतले मूल 'बैल ओढ्यावर पाणी प्यायला गेला' हे वाक्य घडाघडा वाचते. बैल कुठे गेला, असे विचारले की गप्प होते.

गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले की, वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य! आमच्या शाळा बाराखडीत वर्ष घालवतात. दुसरी बाजू तर इकडे अधिकच डळमळीत. घरात मराठी, अंगणवाडीत बहुधा कानडी, मोबाईलवर हिंदी. कानडीशी आमचे वैर नाही, ती मुलांना यायलाच हवी. पण एक तरी भाषा आधी मुरायला हवी ना?

इथे चित्रांचे पुस्तक कामाला येते. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांवर महिनाभर प्रयोग केला. दोन्ही गटांत पालक पुस्तक वाचून दाखवतच होते; एका गटातील पालकांनी मात्र प्रश्न विचारले, मुलाचे उत्तर वाढवून परत सांगितले. ती मुले बोलण्यात पुढे गेली. म्हणजे बाजाराचे चित्र दाखवून 'हे काय? आंबा' एवढ्यावर थांबू नये. 'ही बाई का रागावली असेल? आता काय करील?' असे विचारावे. याला अक्षरओळख लागत नाही. भात लावणीला आई शेतात गेली, तर अंगठा उठवणारी आजीही हे करू शकते, आणि तिचे मराठी आम्हा शिक्षकांपेक्षा रसाळ असते.

अंकलिपीतील चित्रे यासाठी पुरत नाहीत, त्यांत गोष्ट नसते. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' पाहावे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी गोष्टीही फुकट मिळतात.

घटनेतील ३५०-अ कलम प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सोय करण्यास सांगते. अंगणवाडीचा त्यात उल्लेख नाही. २०२१ च्या 'निपुण भारत' योजनेने तिसरीअखेर समजून वाचण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच आधारावर मराठी वस्तीतील अंगणवाड्यांना मराठी चित्रपुस्तके द्या, ही मागणी पुढच्या निवेदनात घालावी. तोवर गावच्या मंडळांनी वर्गणीतून वीस पुस्तके घ्यावीत. कपाटाला कुलूप नको; फाटली तर खळ लावून चिकटवावीत.